हलते कापड काय सांगते?
न शिवता पोत ओळखणारा संगणक आणि आपला धंदा

कापडाच्या धंद्यात ताका समोर आला की नजरेबरोबर हातही पुढे जातो. आपण कापड चिमटीत धरून चोळतो, मुठीत दाबून सोडतो, मनगटावर टाकून त्याची पड पाहतो आणि दोन-चार क्षणांत भाव मनाशी ठरवून टाकतो. हे हुनर कोणत्या शाळेत शिकवले जात नाही. गादीवर उस्तादांच्या शेजारी बसून, वर्षानुवर्षे माल हाताळून ते अंगात मुरते.

पण गेल्या काही वर्षांत बाजाराची रीत पालटली आहे. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीचा माल आता मोबाइलवरचा व्हिडिओ पाहूनही उचलला जातो. गिऱ्हाईक शेकडो मैल दूर असते. त्याचा हात ताक्याला लागत नाही, त्याच्यापाशी फक्त डोळे असतात. माल पोहोचतो आणि मग फोन येतो, "दाखवला तसा नाही, हाताला पातळ लागतो." विकणारा म्हणतो, आम्ही तोच ताका दाखवला. घेणारा म्हणतो, आम्ही पाहिला तो वेगळा होता. पुष्कळदा दोघेही खरे बोलत असतात. तोटा मात्र कोणा एकाच्या खात्यावर पडतो, आणि जुना व्यवहार तुटतो तो वेगळाच.

तेव्हा प्रश्न असा की, कापडाला हात न लावता, नुसते त्याचे हलणे पाहून त्याचे वजन आणि कडकपणा ओळखता येतो काय? हाच प्रश्न अमेरिकेतील संशोधकांनी संगणकापुढे ठेवला. त्यातून जे निघाले ते आपल्या व्यापारी बांधवांच्या आणि कारागिरांच्या थेट कामाचे आहे, म्हणून त्याची हकीकत येथे सविस्तर देत आहोत.

तीस कापडे आणि एक पंखा

मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ही अमेरिकेतील नामांकित संस्था. तेथील कॅथरीन बाउमन, बेई शिआओ, पीटर बॅटाग्लिया आणि विल्यम फ्रीमन यांनी २०१३ साली आपला शोधनिबंध प्रसिद्ध केला. यांतील बाउमनबाईंचे नाव पुढे २०१९ साली कृष्णविवराचे पहिले छायाचित्र प्रसिद्ध झाले तेव्हा जगभर गाजले. परंतु त्याआधी त्यांनी कापडावर काम केले होते, हे फार थोड्यांना ठाऊक आहे.

या मंडळींनी ३० प्रकारची कापडे जमवली. प्रत्येक कापडाचे दर चौरस मीटरचे वजन आणि त्याचा कडकपणा आधी मोजून घेतला. मग प्रत्येक कापड टांगले, पंख्याचा वारा कमी, मध्यम आणि जोराचा असा तीन पायऱ्यांनी सोडला आणि त्याचे हलणे कॅमेऱ्याने टिपले. खोली मोजणारा कॅमेराही सोबत वापरला.

यानंतर संगणकाचे काम सुरू झाले. व्हिडिओ म्हणजे एकामागून एक पळणारी स्थिर चित्रे. एका चित्रातला ठिपका पुढच्या चित्रात कुठे आणि किती सरकला, हे संगणक प्रत्येक ठिपक्यासाठी मोजतो. त्या सगळ्या हालचालींतून तो ठोकताळे काढतो. लाटा बारीक की रुंद? एका जागेचे हलणे शेजारच्या जागेशी किती जुळते? चुणी पडते ती अणकुचीदार की गोलसर? मलमलीवर बारीक, झटपट बदलणाऱ्या लाटा उठतात. जाड कापड एकसंध, रुंद वळणाने हलते. मोजलेली वजने आणि कडकपणा या ठोकताळ्यांशी जोडून संगणकाला शिकवले की तो व्हिडिओवरून अंदाज बांधू लागतो. वाऱ्याचा जोर किती होता हे त्याला सांगितलेले नव्हते. तरीही त्याचे अंदाज प्रत्यक्ष मोजमापाशी चांगले जुळले.

याच अभ्यासात माणसांचीही परीक्षा झाली. काहींना कापडांची स्थिर चित्रे दाखवली, काहींना व्हिडिओ. व्हिडिओ पाहणाऱ्यांचे अंदाज अधिक बरोबर आले. आपल्या गल्लीतला फेरीवाला साडीचा पदर झटकून हवेत का उडवतो, याचे उत्तर यात आहे. नुसती घडी दाखवली तर रंग आणि नक्षी दिसते. हलवून दाखवले तर कापडाची जात दिसते.

बेई शिआओ आणि त्यांच्या सोबत्यांनी २०१६ साली आणखी एक गोष्ट दाखवली. लोकांना कापड डोळ्याआड हाताळायला दिले आणि समोरच्या चित्रांतून तेच कापड ओळखायला सांगितले. सपाट पसरलेल्या कापडाच्या चित्रापेक्षा चुण्या पडलेल्या कापडाचे चित्र असेल तेव्हा लोकांनी अधिक बरोबर ओळखले. म्हणजे स्थिर फोटो काढायचा झाला तरी ताका सपाट ठेवू नये, पडता ठेवावा.

हाताची पारख आकड्यांत

काही बांधव म्हणतील, पोत ही हाताची बाब, ती आकड्यांत कशी बसणार? पण हा प्रयत्न फार जुना आहे. १९३० साली मँचेस्टरच्या शर्ले इन्स्टिट्यूटमध्ये काम करणाऱ्या एफ. टी. पीअर्स यांनी कापडाचा स्पर्श मोजता येतो हे दाखवून दिले. त्यांची रीत इतकी साधी आहे की कोणीही दुकानात करून पाहावी.

कापडाची एक इंच रुंद, वीतभर लांब पट्टी कापा. ती टेबलाच्या काठावरून हळूहळू पुढे सरकवत न्या. पट्टी स्वतःच्या वजनाने खाली झुकत जाईल. काठापासून ४१.५ अंशांनी खाली उतरणारी एक तिरपी रेघ पुठ्ठ्यावर आखून ठेवा. (१० सेंटिमीटर पुढे गेल्यावर रेघ सुमारे ८.८५ सेंटिमीटर खाली आली की तो कोन बरोबर झाला.) पट्टीचे टोक त्या रेघेला टेकले की थांबा आणि काठाबाहेर किती लांबी गेली ते मोजा. तिचा निम्मा आकडा म्हणजे त्या कापडाची वाक-लांबी. कडक कापड लांब जाऊन टेकते, मऊ कापड लगेच.

जपानमध्ये क्योटो विद्यापीठाचे सुएओ कावाबाता यांनी १९७० च्या दशकात हेच काम आणखी पुढे नेले. ताणणे, वाकवणे, तिरपे ओढणे, दाबणे आणि पृष्ठभागाची घासण अशी मोजमापे घेऊन त्यांनी कापडाचे १६ आकडे काढले. महत्त्वाची बाब अशी की, या आकड्यांना अर्थ देण्यासाठी त्यांनी जपानच्या गिरण्यांतील अनुभवी पारखी बसवले. पारख्यांच्या हाताने जो निवाडा दिला, त्याच्याशी यंत्राचे आकडे जुळवले गेले. यंत्राने हाताला शिकवले नाही, हाताने यंत्राला शिकवले. आपल्या कारागिरांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

येथे खरी मेख आहे

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. पीअर्सच्या पट्टीतच एक मेख दडलेली आहे, आणि तीच मेख व्हिडिओ पाहून माल घेणाऱ्याला फसवते.

समजा दोन कापडे आहेत. एकाचे वजन चौरस मीटरला १०० ग्रॅम, दुसऱ्याचे ३०० ग्रॅम. दोन्हींच्या पट्ट्या ४ सेंटिमीटर बाहेर गेल्यावर रेघेला टेकल्या. म्हणजे दोन्हींची वाक-लांबी २ सेंटिमीटर. दोन्ही अगदी सारखी झुकली. फोटो काढला तर ओळखता येणार नाही. पण कडकपणाचा हिशेब असा आहे की वाक-लांबीचा घन करायचा आणि त्याला वजनाने गुणायचे. पहिल्या कापडाचा कडकपणा येतो ८० आणि दुसऱ्याचा २४० (मिलिग्रॅम-सेंटिमीटर या मापात). पड सारखी, कडकपणा तिप्पट! हातात घेतले की फरक तात्काळ कळेल. डोळ्याला तो कळत नाही, कारण कापड किती झुकते हे एकट्या कडकपणावर ठरत नाही. कडकपणा आणि वजन यांच्या प्रमाणावर ते ठरते. डोळ्याला प्रमाण दिसते, वेगवेगळे आकडे दिसत नाहीत.

वाऱ्यातही हेच होते. हलके कापड मंद वाऱ्यात जसे उडते, तसेच काहीसे जड कापड जोराच्या वाऱ्यात उडते. वारा किती होता हे माहीत नसेल तर पाहणारा अंधारातच. हे कोडे सोडवण्यासाठी ॲमस्टरडॅम विद्यापीठातील संशोधकांनी २०२० साली एक वेगळी वाट धरली. वाऱ्यात फडकणाऱ्या कापडाचा आणि झेंड्याचा व्हिडिओ घ्यायचा. संगणकात तसेच बनावट कापड, बनावट वाऱ्यात फडकवायचे. दोन्हींची तुलना करून बनावट कापडाचे गुण आणि वाऱ्याचा जोर पुनःपुन्हा बदलत जायचे, दोन्ही फडफडी जुळेपर्यंत. म्हणजे त्यांनाही कापड आणि वारा यांचा हिशेब एकत्रच मांडावा लागला. एकाला सोडून दुसरे सापडत नाही.

यावरून व्हिडिओतील चार फसव्या जागा आपल्या ध्यानात येतील.

पहिली जागा गतीची. व्हिडिओ संथ करून दाखवला की हलके कापड भारदस्त वाटते. सिनेमावाले ही युक्ती फार पूर्वीपासून वापरतात. लहान प्रतिकृती वेगाने चित्रित करून संथ दाखवली की ती अवजड वाटते. आज साड्या आणि दुपट्ट्यांचे कितीतरी व्हिडिओ संथ गतीत असतात. दिसायला देखणे, पण अशा व्हिडिओवरून वजनाचा अंदाज करणे म्हणजे तराजूचा काटा धरून माल तोलण्यासारखे आहे.

दुसरी जागा आकाराची. एकाच ताक्यातून हातरुमाल आणि चादर कापा. रुमाल ताठ वाटेल, चादर लोळेल. कापड तेच आहे, पण त्याची वाक-लांबी ठरलेली असल्यामुळे लहान तुकडा नेहमी कडक दिसतो. व्हिडिओत तुकड्याचे माप कळले नाही तर नजर फसते.

तिसरी जागा झोक्याची. टांगलेले कापड सबंध डोलते तेव्हा त्याचा वेग मुख्यतः लांबीवर ठरतो, जसा घड्याळाच्या लंबकाचा ठरतो. सावकाश डोलले म्हणून जड, असे समजू नये. जड कापड ओळखायचे तर झोका किती वेळ टिकतो ते पाहावे. हलक्या कापडाला हवा लगेच अडवते, जड कापड जास्त वेळ डोलत राहते.

चौथी जागा खळीची आणि कांजीची. ती तर आपल्या घरचीच आहे. ताण्याच्या सुताला दिलेली खळ ग्रे मालात राहते, फिनिशिंगमध्ये कांजी चढते. कापड ताठ होते, वजनही भरते. संगणक आणि गिऱ्हाईक दोघेही जे समोर आहे त्याचाच निवाडा करतील. पहिल्या धुण्यात खळ निघून गेली की ना तो कडकपणा राहतो, ना ते वजन. येथे संगणकाचा दोष नाही. कॅमेऱ्यापुढे जे ठेवले ते धुतलेले होते की खळीचे, हे सांगणे विकणाऱ्याच्या इमानदारीवर आहे.

न दिसणारी थरथर

याच अमेरिकी संस्थेत २०१५ साली एब डेव्हिस, बाउमन आणि त्यांच्या सोबत्यांनी आणखी बारीक काम केले. प्रत्येक वस्तूला थरथरण्याचा आपला एक वेग असतो. तार छेडली की तिचा ठरावीक सूर निघतो, तसेच. धातूच्या सळईचा कडकपणा चौपट केला आणि वजन तेच ठेवले तर ती दुप्पट वेगाने थरथरते. वजन चौपट झाले आणि कडकपणा तोच राहिला तर निम्म्या वेगाने. ही थरथर इतकी बारीक असते की आपल्या डोळ्याला वस्तू स्थिरच वाटते. पण व्हिडिओतील उजेड-अंधाराच्या किंचित बदलांतून संगणक ती वेचून काढतो. त्यांनी धातूच्या सळया आणि टांगलेली कापडे यांची थरथर अशी टिपली आणि त्यावरून त्यांचे गुण काढून दाखवले. त्याच्या आधीच्या वर्षी, २०१४ साली, डेव्हिस आणि मंडळींनी काचेपलीकडे पडलेल्या बटाट्याच्या वेफर्सच्या पिशवीची थरथर टिपून खोलीतला आवाज परत मिळवला होता. त्यासाठी सेकंदाला हजारो चित्रे घेणारा कॅमेराही लागला.

साध्या मोबाइलला मात्र मर्यादा आहे. सेकंदाला ३० चित्रे घेणाऱ्या कॅमेऱ्याला सेकंदाला १५ वेळांपेक्षा वेगाने होणारी थरथर नीट पकडता येत नाही. शिवाय येथेही तीच मेख आहे. थरथरीच्या वेगातून कडकपणा आणि वजन यांचे प्रमाणच मिळते. त्या मंडळींनीही वस्तूचा आकार आधी ठाऊक आहे असे धरूनच काम केले.

आणि काही गोष्टी हलण्यातून मुळीच दिसत नाहीत. रंग पक्का आहे की कच्चा, कापड धुतल्यावर किती आटेल, सूत किती टिकेल, घाम शोषेल की नाही, हे पंख्यापुढे कळणार नाही. सुती आणि मिश्र सूत यांचा निवाडाही नुसत्या फडफडीवर सोडू नये.

मग आपण काय करावे?

वरच्या सगळ्या हकीकतीचे सार असे की, हलते कापड खरे बोलते पण अर्धे बोलते. उरलेले अर्धे म्हणजे एक माहीत असलेले माप. ते माप विकणाऱ्याने आपण होऊन द्यावे आणि घेणाऱ्याने मागून घ्यावे. त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही.

वजन आधी सांगा. १० सेंटिमीटर लांब, १० सेंटिमीटर रुंद तुकडा नीट कापून सोनाराकडे असतो तशा बारीक काट्यावर तोला. जो आकडा येईल त्याला १०० ने गुणा. तुकडा १.२ ग्रॅम भरला तर कापड चौरस मीटरला १२० ग्रॅम. व्हिडिओच्या सुरुवातीलाच काट्यावरचा आकडा दाखवा. वजन कळले की डोळ्याला दिसणाऱ्या पडीतून कडकपणा आपोआप कळू लागतो, कारण प्रमाणातला एक आकडा हाती आला.

साक्षी कापड लावा. आमच्या मते ही सर्वांत उपयोगी गोष्ट आहे. कायमच्या गिऱ्हाइकाला एका ठरावीक, धुतलेल्या कापडाचा मीटरभर तुकडा एकदाच पाठवून द्या. त्याच ताक्यातला तेवढाच तुकडा आपल्यापाशी ठेवा. नवा माल दाखवताना नव्या मालाचा मीटरभर तुकडा आणि साक्षी तुकडा शेजारी शेजारी, एकाच पंख्यापुढे, सारख्या अंतरावर टांगा. वारा दोघांनाही एकच. गिऱ्हाइकाच्या हातात साक्षी कापड असेल, डोळ्यांपुढे दोन्ही असतील. "यापेक्षा भारी" किंवा "यापेक्षा मऊ" हा निवाडा तो घरबसल्या करील. वाऱ्याचा जोर किती होता, हा प्रश्नच उरत नाही.

गती जशी आहे तशी ठेवा. संथ व्हिडिओ जाहिरातीसाठी हवा तर वेगळा करा. सौदा ज्यावर ठरायचा तो व्हिडिओ मूळ गतीचाच असावा. कोपऱ्यात सेकंदकाटा फिरणारे घड्याळ दिसू द्या, म्हणजे शंकेला जागा उरत नाही.

माप दिसू द्या. कापडाशेजारी मोजपट्टी टांगा, पन्ना सांगा.

धुतलेला तुकडाही दाखवा. खळीसह आणि खळ काढून, असे दोन्ही. ज्या व्यापाऱ्याचा माल धुतल्यावरही तोच राहतो, त्याला याहून चांगली जाहिरात नाही.

घेणाऱ्या बांधवांनीही एवढे मागायला संकोच करू नये. शितावरून भाताची परीक्षा होते हे खरे, पण ते शीत त्याच भांड्यातले हवे.

राहता राहिला आपल्या हाताच्या हुनराचा प्रश्न. यंत्र आले म्हणजे पारखी उपाशी मरणार, अशी भीती काहींना वाटते. वरच्या हकीकतीत तसे काही आढळत नाही. संगणकाला शिकवायला मोजलेली कापडे लागली. जपानच्या यंत्राला शिकवायला पारख्यांचे हात लागले. ज्याला कापड कळते तोच सांगू शकतो की व्हिडिओत काय दिसले आणि काय लपले. कारागिराने मात्र आपली पारख मनातच ठेवू नये. प्रत्येक जातीच्या मालाचे वजन, पट्टीची लांबी, धुण्याआधीचा आणि नंतरचा फरक एका वहीत लिहून ठेवावा. बापाच्या बोटांत जे आहे ते मुलाला वहीतून मिळेल, आणि उद्या एखाद्या मोठ्या खरेदीदाराच्या संगणकाने "हा माल हलका आहे" असे सांगितले तर आपल्यापाशी उत्तर द्यायला आकडा असेल.

नुसत्या शब्दावर सौदा होण्याचे दिवस मागे पडले, दुरून पाहून सौदा होण्याचे दिवस आले. दुरूनच पाहायचे तर नीट पाहू आणि नीट दाखवू. पंखा प्रत्येक दुकानात आहे, काटा पेठेत मिळतो. फक्त साक्षी कापडाचा पहिला तुकडा कापायचा बाकी आहे.